पाय पट्टीवर होता

“आज बेसवर बाई हाय? मंग तं झालंच आमचं कल्याण!”

गावंडे सरांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती. मी पहिल्या बेसजवळ उभी राहून टोपी नीट करत होते आणि ते आपल्या मुलींच्या बाकापाशी कमरेवर हात ठेवून, मंडपातल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होते. मंडपातले चार-पाच जण हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, तरी हसले.

यवतमाळला विभागीय शालेय बेसबॉल स्पर्धा होती. सतरा वर्षांखालच्या मुली, फायनल. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार, हरणारा घरी. गावंडे सर दर्यापूरकडच्या एका शाळेचे पीटी शिक्षक आणि त्या मुलींचे कोच. समोर वाशीमकडचा संघ होता. प्लेटमागे, म्हणजे कॅचरच्या पाठीशी, मुख्य अंपायर म्हणून ठोसर सर उभे राहणार होते. वय साठीच्या जवळ, बोलणं कमी, कामाला चोख. आणि बेस सांभाळायला मी. पॅनेलवरची एकटी बाई, अठ्ठावीस वर्षांची, नाकावर राग असलेली.

ठोसर सरांनी दोन्ही कोचना आणि कप्तानांना होम प्लेटपाशी बोलावलं. मैदानाचे नियम सांगून झाले. “काही शंका?” त्यांनी विचारलं.

“मले हाय,” गावंडे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “बॉक मनजे काय, हे मॅडमले माईत हाय का? नाई, सॉफ्टबॉलमदून आल्या न त्या. तिकडे बॉक नसते. मागून झोल नको.”

मी सॉफ्टबॉलमधून आले होते हे खरं. पण त्या नियमाचं पान मी इतक्यांदा वाचलं होतं की झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं. “पिचर बॉल टाकते तेव्हा तिचा एक पाय जमिनीत ठोकलेल्या रबरी पट्टीला टेकलेला असतो,” मी म्हणाले. “बेसवर रनर आहे, पाय पट्टीवर आहे, आणि पिचरनं पहिल्या बेसकडे बॉल टाकायचं नुसतं सोंग केलं, तर बॉक. सगळ्या रनरना एकेक बेस फुकट. पण तिनं आधी तोच पाय पट्टीच्या मागे काढला, तर ती पिचर राहत नाही. बाकीच्यांसारखी साधी खेळाडू होते. मग तिनं हवी तेवढी सोंगं करावीत. झालं समाधान?”

“पाठांतर झकास हाय,” गावंडे म्हणाले. “आता डोये कसे हायत ते पाहू.”

पुन्हा हशा. या वेळी त्यांच्या मुलीही हसल्या. एक सोडून. उंच, काळीसावळी, डाव्या हाताची मुलगी, दर्यापूरची पिचर. ती बॉलची शिवण अंगठ्यानं चाचपत माझ्याकडे नुसती बघत होती. प्रणाली भटकर.

तिचं पिचिंग मी दोन दिवस पाहत होते. डावरी पिचर पट्टीवर उभी राहिली की तिचं तोंड आपोआप पहिल्या बेसकडे असतं, त्यामुळे तिकडच्या रनरला ती हलूच देत नाही. प्रणाली तर हात असा शांत ठेवायची की बॉल सुटेपर्यंत काही पत्ता लागत नसे. तिच्यामुळेच तो संघ फायनलला आला होता. हे मंडपातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. गावंडेंना मात्र ते स्वतःचंच कर्तृत्व वाटत होतं.

दुसऱ्या इनिंगमध्ये त्यांची एक मुलगी पहिल्या बेसवर अर्ध्या पावलानं आऊट झाली. बॉल आधी पोचला, पाय नंतर. मी हात वर केला.

“मॅडम! चष्मा घरी इसरल्या का?”

मला चष्मा नव्हता. आजही नाही.

तिसऱ्या इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर घसरत आलेली त्यांचीच मुलगी आऊट दिली. ते धावत मैदानात आले, माझ्या नाकासमोर बोट नाचवून गेले. “वरणात मीठ टाकाची गोष्ट नोय हे, मॅडम! अंदाजानं नाई चालत!” त्या मुलीनं स्वतःच मान खाली घालून चालायला सुरुवात केली होती, तिला माहीत होतं. पण कोचच्या जिभेला हाड नव्हतं. मंडपात बसलेले पाहुणे, मुख्याध्यापक, आजूबाजूच्या शाळांचे पीटी शिक्षक सगळे मजा घेत होते. त्यातल्या निम्म्यांना मी ओळखत होते. पण “गावंडे, पुरे करा” असं म्हणायला एकाचंही तोंड उघडलं नाही.

त्या दिवशी मी बेसवर अकरा निर्णय दिले. अकराच्या अकरा बरोबर होते. हे मी बढाई मारायला सांगत नाही. पुढे जे सांगायचं आहे ते कळायला हे कळणं जरुरीचं आहे.

चौथ्या इनिंगमध्ये त्यांनी ते म्हटलं. वाशीमची एक मुलगी मी सेफ दिली आणि दोन्ही हात आडवे पसरून उभी होते. गावंडे बाकावरून ओरडले, “घरी कोनी ऐकत नसन, मनून अठी हात पसरून राह्यल्या!”

मंडप फुटला हसून. एक मुख्याध्यापक तर मांडीवर थाप मारून हसला.

तीन महिन्यांपूर्वी मी सासर सोडून अकोल्याला आईवडिलांकडे परत आले होते. पीटीच्या लोकांचं जग केवढंसं, बातमी पसरायला आठवडासुद्धा लागला नसेल. गावंडेंना ते माहीत होतं की त्यांनी आपली सवयीनं जीभ चालवली, ते मला कधी कळलं नाही. त्या वेळी मला फरकही पडत नव्हता. तळपायाची आग मस्तकात गेली. समोरचा बेस क्षणभर दिसेना.

इनिंग संपल्याबरोबर मी ठोसर सरांकडे गेले. “मी यांना बाहेर काढते.”

“ताई, ऐका,” ते मास्क काढून घाम पुसत म्हणाले. “नियम आपल्या बाजूनं आहे. आधी ताकीद द्या. मग एक शब्द जरी बोलले, तर खुशाल काढा. मी तुमच्या मागे उभा आहे.”

मी गावंडेंच्या बाकापाशी गेले. “गावंडे सर, ही शेवटची ताकीद. आणखी एक शब्द बोललात तर तुम्ही मैदानाच्या बाहेर, आणि अहवाल वर जाईल.”

त्यांनी तोंडाला कुलूप लावून किल्ली खिशात टाकल्याचा अभिनय केला. पण गप्प बसले. अख्खी पाचवी इनिंग त्यांच्या तोंडातून एक शब्द फुटला नाही.

पाचव्या इनिंगनंतर पाणी प्यायला मी कडुनिंबाखालच्या ड्रमपाशी गेले तर प्रणाली तिथं होती. माझ्यासाठी ग्लास धुऊन तिनं पुढे केला.

“मॅडम, तुमी आमच्या सराइले चूप बसवलं,” ती हळूच म्हणाली. “चार वरसात कोनी नाई बसवलं.”

“सामना चालू असताना अंपायरशी बोलू नये,” मी म्हणाले.

“हाव, माईत हाय.” तरी ती हलली नाही. “अंपायर व्हाले काय लागते, मॅडम?”

“दोन दिवसांचा कोर्स. लेखी परीक्षा.”

“एवढंच?” तिचा चेहरा उजळला. मग पुन्हा उतरला. “मले आधी राज्याले जाऊ द्या. राज्याले गेलं न, तं खेयाच्या वसतिगृहाची निवड तिथंच होते. नंबर लागला तं अकरावी, बारावी तिथूनच, खेयतबी राहीन. नाई लागला तं बाबा मने दहावी झाली का ग्लोव्ह माळ्यावर अन् तू घरी. ताईचं बी तसंच झालं.” तिनं ड्रमचं झाकण लावलं. “आज जिंकलं पायजे. बस.”

“जा, खेळ,” मी म्हणाले. मला ती मुलगी आवडली होती. हेही सांगितलं पाहिजे.

सहाव्या इनिंगमध्ये गावंडेंची किल्ली सापडली. या वेळी ते हुशारीनं वागले. माझ्याकडे पाठ करून, आपल्या रनरला उद्देशून ओरडले, “पाहून पय वं, बाई! अठी आंधयी कोशिंबीर चालू हाय!”

ताकीद देऊन झाली होती. शब्द बोलून झाला होता. नियम सरळ होता: हात करायचा, बाहेर काढायचं. ठोसर सरांनी प्लेटमागून माझ्याकडे पाहिलं. मी काढते का, याची ते वाट बघत होते.

मी काढलं नाही.

लोकांना वाटलं, बाई घाबरली. कुणाला वाटलं, बाई समंजस आहे. दोन्ही खोटं. मला ते मैदानात हवे होते. गेटबाहेर टपरीवर चहा पीत नव्हे, तर त्या बाकावर, सगळ्यांच्या समोर, हरताना. मनात सरळ हेच होतं. अंपायरनं मनात असलं काही ठेवून एका चेंडूपुरतंही उभं राहू नये. ज्याला राग आलाय त्यानं राग तिथल्या तिथं नियमानं काढावा, नाहीतर मैदान सोडावं. आज मी राज्याच्या पॅनेलवर आहे, नव्या मुलामुलींना हेच शिकवते. ‘कोलते मॅडम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ’ असं माझ्याबद्दल बोललं जातं. कुणी तोंडावर असं म्हणालं की माझं डोकं फिरतं.

सातवी इनिंग, शेवटची. चार-चार बरोबरी. वाशीमची बॅटिंग. दोघी आऊट झालेल्या, एक रनर पहिल्या बेसवर, एक तिसऱ्या बेसवर. तिसऱ्या बेसवरची घरी, म्हणजे होम प्लेटवर, पोचली की सामना खलास. पोचली नाही तर आठवी इनिंग, आणि दर्यापूरची चांगली बॅटिंग पुढे यायची होती.

अशा वेळी बेस अंपायरनं पिचरच्या मागे, जरा उजवीकडे उभं राहायचं असतं. आपल्या शाळांच्या मैदानांवर पिचरसाठी उंचवटा वगैरे काही नसतो. सपाट मातीत पट्टी लांब खिळ्यांनी ठोकलेली असते. मी त्या पट्टीपासून बारा-तेरा पावलांवर होते. माझ्या आणि प्रणालीच्या मागच्या पायाच्या मध्ये दुसरं काही नव्हतं. डिसेंबरचं उतरतं ऊन पाठीमागून येत होतं आणि पट्टी अन् तिचा पाय, दोन्ही स्वच्छ दिसत होते.

प्रणालीनं दोन्ही हात छातीशी जुळवले. थांबली. पहिल्या बेसवरची मुलगी दोन पावलं सरकली. तिसऱ्या बेसवरची त्याहून जास्त. आणि प्रणालीनं डावा पाय उचलून पट्टीच्या मागे टाकला. चांगला वीतभर मागे. पाय मातीत टेकला, आणि मग, त्यानंतर, तिनं पहिल्या बेसकडे हात फेकला. बॉल सोडला नाही.

पहिल्या बेसवरची पोटावर आडवी पडत बेसला चिकटली. तिसऱ्या बेसवरचीला वाटलं बॉल गेला, ती घराकडे सुटली. प्रणाली वळली. बॉल तिच्याच हातात होता. रनर मध्येच थबकली, ना पुढे ना मागे. प्रणालीनं सरळ तिच्या अंगावर धाव घेतली आणि पाठीवर बॉल टेकवला.

आऊट. तिसरी आऊट, इनिंग संपली. इतक्या लहान वयात इतकं सुंदर काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पण त्याच्या आधीच प्लेटमागून ठोसर सरांचे दोन्ही हात वर गेले होते. “बॉक! बॉक! रन!”

वाशीमच्या मुली किंचाळत मैदानात धावल्या. प्रणाली बॉल घेऊन तिथंच उभी राहिली, आणि मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ठोसर सरांकडे नाही. ज्याला दिसलं आहे त्याच्याकडे आपण बघतो तसं.

गावंडे चपला घसरवत आले. “सर! पाय काढला होता पोरीनं! मांगं काढला होता! मी चार वरसापासून तेच शिकवून राह्यलो!”

ठोसर सरांनी वाशीमच्या मुलींना बाजूला केलं. मास्क काढला. “गावंडे, मला तिचा पुढचा पाय दिसला. मागचा पाय पुढच्या पायाआड गेला. मला वाटलं पट्टीवर आहे.”

“मंग बेस अंपायरले इचारा ना, सर! त्या मांगंच होत्या! त्याइले दिसलं असन!”

ठोसर सर माझ्याकडे चालत आले. त्या माणसाची चाल मला अजून आठवते. सगळ्या मंडपासमोर, निर्णय देऊन झाल्यावर, आपल्या निम्म्या वयाच्या बाईला विचारायला चालत येणं सोपं नसतं. ते माझ्यासमोर थांबले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “मॅडम, तुमच्या डोळ्यांसमोर होतं. पाय पट्टीवर होता का बाहेर? बाहेर असला तर मी निर्णय फिरवतो. मला त्याची लाज नाही.”

त्यांच्या मागे दहा पावलांवर गावंडे येऊन उभे होते. घामेजलेले, टोपी हातात. त्यांनी दोन्ही हात जोडले. खरंच जोडले.

“मॅडम, मी दिवसभर काय बोललो ते सोडा. जे पाह्यलं तेवढं सांगा.”

मांडीवर थाप मारणारे मुख्याध्यापकही उभे राहून माझ्याकडे बघत होते. घरी कोणी ऐकत नाही म्हणून हात पसरणारी बाई. आता दोनशे माणसं तिचं ऐकायला थांबली होती.

मला जोडलेले हात दिसत होते. मला ते जोडलेले हात बघून इतका आनंद झाला, की तो आनंद मला आजही तोंडात चवीसारखा आठवतो. गावंड्या, मनात म्हटलं, आता बोल. वरणात मीठ टाक आता.

“पाय पट्टीवर होता,” मी म्हणाले.

ठोसर सरांनी मान हलवली. “नक्की?”

“नक्की. मी पाहिलं.”

“ठीक. निर्णय कायम.” ते वळले आणि त्यांनी पुन्हा हात वर करून घराकडे बोट दाखवलं. पाच-चार. सामना संपला.

मी गावंडेंच्या तोंडाकडे बघत राहिले. मला त्यांची चरफड बघायची होती. शिव्या ऐकायच्या होत्या. ते अंगावर धावून आले असते तर अजून बरं वाटलं असतं, मग मी त्यांना बाहेरही काढलं असतं आणि अहवालही लिहिला असता. सगळं मनात तयार होतं.

त्यांनी त्यातलं काही केलं नाही. त्यांचे हात हळूहळू सुटले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली, पटल्यासारखी. मग ते प्रणालीकडे वळले.

“पट्टीवर होता ना पाय?”

“नाई, सर,” ती म्हणाली. “मी काढला होता.”

“मॅडम मांगं उभ्या होत्या, त्याइनं डोयानं पाह्यलं. त्या खोटं बोलतीन? त्याइचं काय वाकडं केलं तू?” त्यांचा आवाज फाटला होता. “सगळ्या पोरीइचं वाटोळं केलं तुया एका पायानं! चार वरसं! पाय मांगं घे, पाय मांगं घे, घसा बसला माहा सांगून सांगून!”

“सर, मी घेतला होता.”

“चूप! तोंड वर करून बोलतं! मॅडमनं पाह्यलं मनजे पाह्यलं!”

अकरा बरोबर निर्णयांपैकी एकावरही त्या माणसानं विश्वास ठेवला नव्हता. बारावा त्यानं डोळे झाकून घेतला. कारण मला खोटं बोलायचं काही कारण असेल असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. तो दिवसभर जे बोलला होता ते त्याच्या लेखी बोलणंच नव्हतं, नुसती गंमत होती. मी ज्याच्यावर सूड उगवला त्याला तो लागलासुद्धा नाही.

प्रणाली रडली नाही. तिच्या बरोबरीच्या मुली तिच्यापासून दोन-दोन हात लांब सरकून चालायला लागल्या. शेवटी ग्लोव्ह काखेत मारून ती एकटीच बाकाकडे गेली.

मला तेव्हाच बोलता आलं असतं. ठोसर सर वीस पावलांवर होते. “सर, थांबा,” एवढे दोन शब्द. मी कमरेचा ब्रश काढून बेसवरची माती झाडत बसले. सामना संपला होता, बेस झाडायचं काही कारण नव्हतं.

बक्षीस समारंभ उरकला. उपविजेत्यांची ढाल गावंडेंनी एका हातानं घेतली. मंडपाचे लोक खुर्च्या एकावर एक रचायला लागले. मी टोपी-जाकीट पिशवीत कोंबत होते तेवढ्यात मागून आवाज आला.

“मॅडम, दोन मिनिटं हायत?”

प्रणाली होती. हातात ग्लोव्ह, पायात अजून खेळाचे बूट.

“तुमची बस निघेल,” मी म्हणाले.

“सर चहा पिऊन राह्यले. मॅडम, मले दाखवता का, माहा पाय कसा पडला?”

“कशाला?”

“मले वाटलं मी बराबर काढला. पण तुमी पाह्यलं, मनजे चुकलंच असन. मलाच समजत नाई मी चुकून काय करते ते. सराइले इचारलं तं ते चिडतात. तुमी दाखवा. पुढच्या वेळी...” ती थांबली. पुढची वेळ कुठली, हे तिलाही आठवलं असावं. “दाखवा ना.”

नाही म्हणायला हवं होतं, थकले म्हणायला हवं होतं. मी तिच्याबरोबर पट्टीपर्यंत गेले. बेस उपटून नेले होते, फक्कीच्या रेघा पुसट झाल्या होत्या, पण पट्टी अजून जमिनीत होती. मी मघाच्याच जागी, मागे जाऊन उभी राहिले. का राहिले? सवय. दुसरं काय.

तिनं हात छातीशी जुळवले. थांबली. डावा पाय उचलून मागे टाकला, वीतभर. मग हात फेकला.

“हे?” तिनं विचारलं.

“बरोबर आहे,” मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. समोर दिसलं ते बोलायची सवय असते अंपायरला.

तिनं पुन्हा केलं. जुळवले, थांबली, पाय मागे, हात. “हे?”

“बरोबर.”

तिसऱ्यांदा. जराही इकडे-तिकडे नाही, त्याच जागी पाय. “हे?”

मी पिशवीची चेन ओढली.

ती पट्टीवर उभी राहून खाली पायाकडे बघत होती. मग वर बघितलं. “मले एकाच परकारानं येते, मॅडम. चार वरसापासून एकच. दुसऱ्या परकारानं मले येतच नाई.”

खुर्च्यांचा खडखडाट चालू होता. मी पिशवीचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

“तुमाले दिसला होता ना, पाय?”

“प्रणाली...”

“सराइचा राग होता ना तुमाले?”

मी मान हलवली नाही, पण तिला काय कळायचं ते कळलं. पंधरा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर मला राग बघायचा होता, मी अगदी तयारीत उभी होते. तिनं आरडाओरड करावी, ठोसर सरांना हाक मारावी, मला खोटारडी म्हणावं. ती नुसती ग्लोव्हची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

“मलेबी येते सराइचा राग,” ती म्हणाली. “लय येते. पण त्याच्यापायी मी कधी बॉल वाकडा नाई टाकला.”

एवढं म्हणून ती गेली. पळत नाही, चालतच. गेटपाशी बसच्या दारात गावंडे उभे होते. त्यांनी तिला काहीतरी म्हटलं, तिनं ऐकून घेतलं आणि ती आत चढली. माझ्याबद्दल ती त्यांना काही बोलली नाही. बोलली असती तर ते बसमधून उतरून आले असते. बस पाच मिनिटं तिथंच उभी होती आणि मी ती पाचही मिनिटं बघत होते.

“मॅडम!” मागून ठोसर सरांची हाक आली. मंडपात एकच टेबल उरलं होतं, त्यावर ते कागद पसरून बसले होते. “या लवकर. स्कोअरशीटवर तुमची सही राहिली. तुमची झाली की निकाल पक्का करून पाठवून देतो.”

मी गेले. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला, जिथं सही करायची तिथं बोट ठेवलं. बस अजून गेटवर होती. पेन चालेना, म्हणून त्यांनी खिशातलं आपलं दिलं.

मी सही केली.